गायकाचा आवाज ‘जातो’ म्हणजे नेमकं काय होतं?

१७ मे २०२५ ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन’ रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा कार्यक्रम झाला. मी गेलो नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर क्लिपा आल्या आणि क्लिपांच्या आधी निकाल आला. ‘ॲक्सलचा आवाज गेला रे.’ ‘त्रेसष्टचा झाला तो, स्वरतंतू झिजले असणार.’ एकाने तर सायकलच्या ब्रेकच्या रबरांचा दाखला दिला. घासून घासून संपतात म्हणे.

या बँडचा गायक ॲक्सल रोझ, त्याच्या गळ्यात काय चाललंय ते त्याचे डॉक्टर जाणोत. पण ‘झिजणे’ ही कल्पनाच मला टोचली. खरी गोष्ट त्याहून फार मजेदार आहे, म्हणून हा लेख.

‘स्वरतंतू’ हा शब्दच आधी फसवतो. तंतू म्हटलं की तंबोऱ्याची तार डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तिथे ओठांसारख्या दोन घड्या असतात. पुरुषांमध्ये त्यांचा कंप पावणारा भाग जेमतेम दीड सेंटिमीटर लांब. गाभ्यात स्नायू, त्यावर चिवट थर, त्याच्याही वर जेलीसारखा लिबलिबीत थर आणि सगळ्यांत बाहेर पातळ अस्तर. जपानचे डॉक्टर मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये ही रचना नीट मांडली: आत ताठ गाभा, बाहेर सैल आवरण. हाताच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून हलवली की ती आतल्या हाडावर सरकते, तसंच.

हे आवरण सैल असण्यावर सगळा आवाज उभा आहे. फुप्फुसातली हवा खालून दाब देते, घड्या उघडतात, मिटतात, परत उघडतात. पुरुष साधं बोलत असताना हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा होतं. मेंदू दर खेपेला हुकूम सोडत नाही. घड्या जवळ आणायच्या आणि हवा सोडायची, एवढंच त्याचं काम. पण मग कंप चालू कसा राहतो? हवा घड्यांना उघडताना मदत करेल तितकीच मिटताना अडवेल, म्हणजे जमाखर्च शून्य. दोन-चार हेलकाव्यांत सगळं थांबायला हवं.

थांबत नाही, कारण घडी एका तुकड्यात हलत नाही. तिची खालची कड आधी हलते आणि वरची मागाहून. आवरणावरून खालून वर एक लाट जाते. उघडताना फट खाली रुंद आणि वर अरुंद असते, त्यामुळे हवा आत तुंबते आणि घड्यांना बाहेर ढकलते. मिटताना उलटं होतं: खाली अरुंद, वर रुंद. आतला दाब पडतो आणि मिटण्याच्या आड कोणी येत नाही. झोका देताना आपण हेच करतो. पुढे जाताना ढकलायचं, मागे येताना हात काढून घ्यायचा. दर खेपेला चिमूटभर ऊर्जा मिळत राहते आणि झोका चालू राहतो. स्ट्रोबोस्कोपच्या लुकलुकत्या प्रकाशात ही लाट डोळ्यांना दिसते. मी तिची चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा तीनदा मागे नेऊन पाहिली होती.

आता वय. साठीच्या आसपास गाभ्यातला स्नायू रोडावतो. जेलीच्या थरात पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक ॲसिड कमी होतं, कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं विणकाम दाट होतं, म्हणजे आवरण ताठरतं आणि लाट नीट उठत नाही. स्नायू बारीक झाल्याने घड्यांच्या कडा धनुष्यासारख्या आत वळतात आणि मिटल्यावरही मध्ये फट उरते. रबर झिजलं असं नाही, दोन ओठ एकमेकांना टेकेनासे झाले. हवा फुकट जाते. तिकडे फुप्फुसांची हवा बाहेर टाकण्याची ताकद तिशीपासूनच दरवर्षी थोडी थोडी घटत आलेली असते. खर्च वाढला आणि उत्पन्न घटलं.

आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झे यांनी १९८८ मध्ये याचं गणित मांडलं. कंप सुरू व्हायला हवेचा किमान काही दाब लागतो. आवरण ताठ असेल, फट मोठी असेल किंवा घडी पातळ असेल, तर हा उंबरठा चढतो. बोलतानाचा दाब अनुभवायचा तर ग्लासभर पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ सात सेंटिमीटर खोल बुडवा आणि जेमतेम बुडबुडे येतील इतकंच फुंका. साधारण गप्पा मारताना छातीतून एवढाच दाब लागतो. आता हीच नळी तीस सेंटिमीटर पाण्यात बुडवून, बादलीत, फुंकून बघा. रॉक गायक मोठ्याने गातो तेव्हा दाब त्या घरात असतो. तोही दोन तास, उड्या मारत.

इथे एक उलटी गंमत आहे. उंबरठा चढला की आधी किंकाळी जात नाही, आधी जातो तो हलका आवाज. किंकाळीला दाब भरपूर असतो, उंबरठा सहज ओलांडला जातो. पण उंच सुरात हळुवार गायचं तर उंबरठ्याच्या अगदी काठावर चालावं लागतं. तिथे म्हातारा गळा घसरतो आणि सुराऐवजी नुसता वारा येतो. मग गायक काय करतो? प्रत्येक ओळ जोर लावून म्हणतो. आपण म्हणतो, ‘बघा, ओरडतोय नुसता.’

आणि पट्टी? बॉन जोव्ही या अमेरिकन बँडच्या ‘लिव्हिन’ ऑन अ प्रेअर’ या गाण्यामध्ये शेवटाकडे पट्टी एकदम तीन अर्धसुरांनी वर जाते. पांढरी एकवरून काळी दोनवर उडी, तसं. तीन अर्धसूर म्हणजे कंपसंख्या १९ टक्के जास्त, आणि त्यासाठी घड्या आणखी ताणायला हव्यात. त्या ताणल्या जातात त्या स्वरयंत्राच्या कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग, एकमेकींवर कलून. वयाबरोबर या कूर्चांचं हाड होऊ लागतं. १९८६ मध्ये बँडचा गायक, २४ वर्षांच्या जॉन बॉन जोव्हीला जे सहज जमलं, ते साठीत त्याच पट्टीत मागणं म्हणजे आजोबांना आट्यापाट्या खेळायला लावणं. आपल्याकडे गायक आपली पट्टी स्वतः ठरवतो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. रॉकच्या श्रोत्याला मात्र रेकॉर्डची पट्टी म्हणजे शिलालेख. गंमत म्हणजे गन्स एन’ रोझेसच्या १९८७ च्या पहिल्या अल्बमवरच्या गिटारी मुळातच अर्धा सूर खाली लावलेल्या आहेत.

जॉन बॉन जोव्हीचं दुखणं जगजाहीर आहे. त्याची एक घडी रोडावली आणि दोन्ही नीट मिटेनात. जून २०२२ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. रोडावलेल्या घडीला मधोमध ढकलण्यासाठी आत गोअर-टेक्सचा तुकडा बसवला. हो, रेनकोटवालं गोअर-टेक्स. ही पद्धत जपानच्याच नोबुहिको इशिकी यांची, तीही १९७४ ची. स्वरयंत्राच्या कूर्चेला छोटी खिडकी पाडतात आणि तिथून घडीला आधार देतात. बहुतेक वेळा रुग्ण जागा असतो, कारण सर्जनला त्याच्याकडून ‘आ’ म्हणवून घ्यायचं असतं. सर्जन तुकडा किंचित आत सरकवतो, ऐकतो, परत सरकवतो. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर दोरा सरकवून कान देतो, अगदी तसं.

एरोस्मिथ या रॉक बँडचा गायक स्टीव्हन टायलरच्या बाबतीत, २०२३ मध्ये, डॉक्टरांनी स्वरयंत्राचं ‘फ्रॅक्चर’ सांगितलं तेव्हा अनेकांना तो शब्द चुकल्यासारखा वाटला. तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. कूर्चेचं हाड झाल्यावर दुसरा कुठला शब्द वापरणार? ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरेच कायमचे थांबवले.

आता मध, ज्येष्ठमध, खडीसाखर आणि ‘आवाज खुलवणारी’ ती महागडी सरबतं. भक्तांनी रागावू नये, पण गिळलेली कुठलीच वस्तू स्वरतंतूंना शिवत नाही. गिळताना स्वरयंत्राचं दार बंद होतं. शिवली तर ठसका लागतो, आवाज खुलत नाही. मधाने घशाला बरं वाटतं ते खरं आहे, घसा म्हणजे शेजारची खोली. थेट पोचते ती वाफ. बाकी भरपूर पाणी पिणं आणि झोप, त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

हलक्या आवाजाची ती गोष्ट डॉक्टर गायकांवर वापरतातही. उंच पट्टीत आणि शक्य तितक्या हळू ‘हॅपी बर्थडे’ची पहिली ओळ म्हणायला लावतात. घड्यांवर सूज असेल तर सूर लागण्याआधी वारा ऐकू येतो. काल रात्री स्वयंपाकघरात मी हा प्रयोग केला. ‘हॅपी’ लागलं. ‘बर्थ’ला नुसती फुस्स झाली आणि बाहेरून बायकोने विचारलं, कुकरची शिटी बिघडली का?