सैन्यसेवा आणि दीर्घकालीन फुप्फुसविकार

सैन्यातील सेवाकाळात श्वासावाटे शरीरात जाणारी धूळ, धूर व विषारी वायू यांमुळे उद्भवणारे किंवा बळावणारे चिवट श्वसनविकार. सीओपीडी (श्वासमार्ग कायमचा अरुंद होत जाणारा विकार), दमा व सूक्ष्म श्वासनलिकांचे आकुंचन हे त्यांतील प्रमुख होत.

पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी क्लोरीन सोडला. पुढे काही दिवसांतच लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिकही अशा हल्ल्यात सापडले. मस्टर्ड वायू या दुसऱ्या रासायनिक अस्त्राचा फुप्फुसांवरील परिणाम वर्षानुवर्षे टिकतो, हे इराण-इराक युद्धातील (१९८०–८८) बाधितांच्या तपासणीतून स्पष्ट झाले.

खरा वाद इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या आजाराच्या कारणाविषयी आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दम लागण्याची तक्रार असलेल्या ८० सैनिकांपैकी ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला असता ३८ जणांत सूक्ष्म श्वासनलिका आकुंचित आढळल्या, यांपैकी अनेकांची स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची श्वासक्षमतेची चाचणी) मात्र सर्वसाधारण होती. काहींनी २००३ मधील मोसूलजवळच्या गंधकखाणीच्या आगीकडे, तर काहींनी छावणीतील उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांकडे बोट दाखवले. वाळवंटी धुळीसह अनेक कारणांचा मिलाफ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने अशा आजारांचा सेवेशी संबंध गृहीत धरला. ती कायदेशीर सवलत आहे, वैद्यकीय सिद्धता नव्हे.

अतिउंचीवर फुप्फुसात पाणी होण्याचा विकार खाली उतरवल्यावर बहुधा बरा होतो, म्हणून तो येथे धरलेला नाही.

भारतात आजार ‘सेवेमुळे उद्भवलेला वा बळावलेला’ ठरल्यास अपंगत्व निवृत्तिवेतन मिळू शकते. भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेतूनच आला असे मानावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे (प्रकरण अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, होते). पुढे २०२३ मध्ये संबंधित नियम बदलले.

कोल्हापूर जिल्ह्यात कारणनिश्चिती आणखी अवघड होते. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांतील जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन दुसरी नोकरी धरतात, आणि ती शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (धातूच्या ओतशाळेत) असेल तर सिलिकाची धूळ, साखर कारखान्यात असेल तर बगॅसची (उसाच्या चोथ्याची) बुरशीयुक्त धूळ पुन्हा फुप्फुसात जाते. त्यात विडीची भर. सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसच्या बारीक गाठी एक्स-रेत बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. श्वासनलिकांच्या आकुंचनात मात्र तोच एक्स-रे पुष्कळदा निर्दोष येतो.