विषबाधा : शब्दार्थ आणि लक्ष्यार्थ

विषबाधा (स्त्रीलिंगी नाम) : अपायकारक पदार्थ तोंडावाटे, श्वासावाटे, त्वचेतून किंवा दंशातून शरीरात गेल्याने होणारा बिघाड. 'विष' आणि 'बाधा' या दोन संस्कृत शब्दांचा हा समास. त्याला मराठीत जे खास वळण मिळाले ते दुसऱ्या पदामुळे, म्हणून आधी 'बाधा' पाहावी.

संस्कृत 'बाध्' म्हणजे पीडा देणे, अडवणे. अडवण्याचा अर्थ 'नियमाला बाध येतो', 'हक्क अबाधित' अशा प्रयोगांत टिकला आहे, तर पीडेचा 'बाधणे' या क्रियापदात. जागरण बाधते, पाणी बाधते, एखाद्याला औषधच बाधते. असे म्हणणारा कोणावर आरोप करत नसतो, झालेला त्रास तेवढा सांगत असतो. पूरबाधित, कोरोनाबाधित, भूतबाधा या शब्दांतही सोसणारा माणूस समोर असतो आणि त्यामागे कोणा माणसाचा हात आहे की नाही, याबद्दल शब्द गप्प राहतो. विषबाधा याच कुळातला शब्द आहे. विष कोणी घातले, चुकून पोटात गेले की हवेतून आले, हे तो सांगत नाही. ते सांगण्यासाठी मराठीत 'विषप्रयोग' हा वेगळा शब्द आहे आणि त्यात करणारा व त्याचा हेतू दोन्ही गृहीत असतात. इंग्रजीत दोन्हींसाठी 'पॉयझनिंग' हा एकच शब्द चालतो. मराठीत लिहिणाऱ्याला मात्र निवड करावी लागते आणि ती जपून करायला हवी. तपासणीचा अहवाल येण्याआधी बातमीत 'विषप्रयोग' लिहिणे म्हणजे पुराव्याशिवाय कोणाला तरी गुन्हेगार ठरवणे.

'विष' हा शब्द 'विष्' म्हणजे व्यापणे, पसरणे या धातूवरून सांगितला जातो. लॅटिनमधला 'व्हायरस' हा त्याचा दूरचा भाऊबंद आणि त्याचाही मूळ अर्थ विष असाच होता. त्यामुळे व्हायरसला 'विषाणू' हा मराठी प्रतिशब्द घडवला गेला तेव्हा एकाच कुळातले दोन शब्द पुन्हा जवळ आले. 'ष'चा 'ख' होऊन 'विख' आणि 'विखार' झाले, ग्रामीण बोलीत 'इख' झाले. 'जहर' फारसीतून आले. 'जालीम' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ जुलूम करणारा. म्हणजे माणसाला लावायचे विशेषण मराठीने विषाला लावले आणि पुढे 'जालीम उपाय' म्हणून औषधालाही.

विष आणि औषध यांच्यातली ही ये-जा वैद्यकाला जुनीच ठाऊक आहे. तीक्ष्ण विषही योग्य योजनेने उत्तम औषध होते आणि औषधही चुकीने वापरले तर तीक्ष्ण विष ठरते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. युरोपात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने १५३८ मध्ये हीच गोष्ट मात्रेच्या भाषेत मांडली : विषारीपणा मात्रेवर ठरतो. आयुर्वेदात विषचिकित्सेला 'अगदतंत्र' हे स्वतंत्र अंग आहे. त्यातली 'दूषीविष' ही कल्पना विशेष लक्षात घेण्यासारखी. जे विष पूर्णपणे बाहेर पडत नाही, क्षीण होऊन शरीरात दीर्घकाळ राहते आणि अनुकूल परिस्थिती मिळताच पुन्हा उचल खाते, ते दूषीविष. हाडांत वर्षानुवर्षे साठून राहणारे आणि हाडांची झीज वाढली की रक्तात परतणारे शिसे पाहिले, की त्या वर्णनाची आठवण होते.

रोजच्या बोलण्यात विषबाधा म्हणजे बहुधा अन्नातून झालेली. ती प्रत्येक वेळी अर्थाने नेमकी विषबाधा असतेच असे नाही. कित्येकदा तो जिवाणूंचा संसर्ग असतो. पण काही वेळा शब्द तंतोतंत खरा ठरतो. रांधणाऱ्याच्या बोटावर पिकलेली जखम आहे, तिच्यातले स्टॅफिलोकॉकस जिवाणू शिजलेल्या अन्नात उतरले आणि ते अन्न काही तास उबेत राहिले, तर जिवाणू तिथेच विष तयार करतात. वाढण्यापूर्वी अन्न पुन्हा उकळले तर जिवाणू मरतात, विष मात्र उष्णतेला दाद देत नाही. चव बदललेली नसते, वास आलेला नसतो. अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होतात. इथे विष आहे, बाधा आहे, पण प्रयोग कोणीच केलेला नाही. कार्बन मोनॉक्साइडचेही तसेच. रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. बंद खोलीत पेटत्या शेगडीशेजारी झोपलेल्या माणसाला काही कळण्याआधीच शुद्ध हरपते.

लक्ष्यार्थाकडे वळताना एक गोष्ट ठळक दिसते. 'विषबाधा' हा शब्द स्वतः फारसा अलंकारिक होत नाही. अलंकारिक झाली ती करणाऱ्याची क्रियापदे : विष कालवणे, विष पेरणे, मनात विष भरणे, गरळ ओकणे. यांतले 'कालवणे' सर्वांत बोलके. पातळ आणि घट्ट पदार्थ बोटांनी एकजीव करण्याची ही क्रिया. कालवलेल्यातून काहीच पुन्हा वेगळे काढता येत नाही. दोन भावांच्या संसारात कोणी विष कालवले, असे म्हणतात तेव्हा हेच अभिप्रेत असते की आता प्रत्येक आठवणीला, अगदी चांगल्या आठवणीलाही, ती चव लागली आहे. 'पेरणे' यात काळ येतो : आज टाकलेले उद्या उगवणार. 'गरळ ओकणे' यात सापाच्या तोंडचे विष आहे. 'विखारी प्रचार' म्हणणाऱ्याला 'विख'मधले विष आज आठवत नसले तरी अर्थाची धार तशीच राहिली आहे.

बाधेलाच प्रयोग ठरवले तर काय घडते, हे युरोपातल्या महामारीच्या काळात दिसले. १३४८ मध्ये प्लेग पसरत होता तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष टाकल्याची अफवा उठली. आल्प्स पर्वतातल्या सॅव्हॉय भागात छळ करून कबुलीजबाब घेतले गेले आणि ते इतर शहरांकडे धाडले गेले. पोप सहावा क्लेमेंट याने त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले की ज्यूदेखील याच रोगाने मरत आहेत आणि जिथे एकही ज्यू राहत नाही तिथेही रोग आहे. तरी १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळून मारण्यात आले, तेव्हा त्या शहरात प्लेग पोचलाही नव्हता. विहिरीत विष नव्हते, ते कानोकानी फिरत होते. 'विहिरीत विष कालवणे' हा वाक्प्रयोग पुढे तर्कशास्त्रात युक्तिवादातल्या एका दोषासाठी रूढ झाला : समोरचा बोलण्याआधीच त्याच्याविषयी ऐकणाऱ्यांचे मन कलुषित करायचे, म्हणजे तो जे सांगेल ते आधीच नासलेले ठरते.

अलीकडे संगणकक्षेत्रात 'डेटा पॉयझनिंग' ही संज्ञा आली आहे. यंत्राला शिकवण्यासाठी जमवलेल्या माहितीत कोणी मुद्दाम खोटे नमुने मिसळतो आणि यंत्र चुकीचे शिकते. याला काही जण सरसकट 'माहितीची विषबाधा' म्हणतात. नमुने हेतुपुरस्सर मिसळले असतील तर तो विषप्रयोगच म्हणावा. बाधा होते ती यंत्राला, आणि त्याच्या उत्तरांवर विसंबणाऱ्या माणसाला.