विश्वासांगीकाराच्या बारा ओळी कुणाच्या?

‘यरुशलेमेतून पांगण्याआधी बारा प्रेषितांनी एकेक ओळ सांगितली आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार तयार झाला,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. हा अंगीकार म्हणजे ख्रिस्ती उपासनेत एकत्र म्हटले जाणारे श्रद्धेचे छोटे निवेदन; प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य. प्रेषितांनी मिळून ही रचना केली, असे चौथ्या शतकाच्या अखेरचे लिखाणही सांगते. त्यामुळे विश्वास बसणे स्वाभाविकच.

पण ताडून पाहा. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात अशा रचनेचा उल्लेख नाही. रोमच्या मंडळीत म्हटल्या जाणाऱ्या या अंगीकाराच्या जुन्या पाठात ‘अधोलोकात उतरला’ आणि ‘पवित्र जनांची सहभागिता’ हे शब्द नाहीत. आजचा पाठ आठव्या शतकात दिसतो. पूर्वेकडील मंडळ्या उपासनेत हा अंगीकार म्हणतच नाहीत; त्यांचा अंगीकार निकीयाचा, म्हणजे 325 आणि 381 च्या धर्मसभांत ठरलेला.

याचे मूळ बाप्तिस्म्यात आहे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांविषयी तीन प्रश्न, आणि प्रत्येकाला पाण्यात उभ्या माणसाचे उत्तर: ‘मी विश्वास ठेवतो.’ आशय मात्र प्रेषितांचाच. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 15:3-5) वाचा, पौल ‘मला जे मिळाले ते’ म्हणून तोच गाभा सोपवतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला.

म्हणजे हे उत्तर आहे, आणि ते उत्तरासारखेच म्हणावे. घाईत ओळी एकमेकींत मिसळतात, तोंड चालते आणि मन मागे राहते. तिन्ही भागांपूर्वी एक श्वास थांबा. ‘मरियेपासून जन्मला’ आणि ‘पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले’ यांच्यामध्येही थांबा: येशूचे सगळे चालणे, शिकवणे, बरे करणे त्या एका स्वल्पविरामात आहे. तिथे शुभवर्तमानातला एक प्रसंग आठवा. मन कोरडे असेल त्या दिवशीही म्हणा. तेव्हा शेजारच्या बाकावरचे आवाज तुमचे वाक्य पुरे करतात.