रेकए, एसएसबी आणि पॉल-५ : बिघडलेल्या डीएनएवरून प्रतिकृती पुढे कशी सरकते

आमच्याकडून रेकए आणि एसएसबी ही एकेरी डीएनएवर बसणारी, शुद्ध केलेली प्रथिने घेणाऱ्या ग्राहकांना ती जीवाणूच्या पेशीत नेमके काय करतात हे माहीत असावे, यासाठी हे पत्रक सोबत दिले आहे. येथे विषय डीएनएच्या दुरुस्तीचा नाही. बिघाड आहे तेथेच ठेवून प्रतिकृती पुरी करण्याचा आहे.

ई. कोलाय या जीवाणूमधील मुख्य पॉलिमरेज (डीएनएची प्रत बनवणारे प्रथिन), म्हणजे पॉल-३, सेकंदाला सुमारे १,००० न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएचे घटक, जोडते. परंतु अतिनील किरणांमुळे डीएनएमधील शेजारची दोन थायमिने (एक प्रकारचे बेस) एकमेकांना जोडली गेली असतील, तर ते तेथे अडते. मग एकेरी डीएनए उघडा पडतो, त्यावर आधी एसएसबी आणि नंतर रेकएची साखळी चढते, आणि या साखळीशी संबंध येताच लेक्सए हे जनुके दाबून ठेवणारे प्रथिन स्वतःलाच तोडून घेते. त्यामुळे ४० हून अधिक जनुके मोकळी होतात. हाच एसओएस प्रतिसाद.

या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांतील उमुडी आणि उमुसी ही दोन बरीच उशिरा कामाला लागतात, आणि आमच्या मते या यंत्रणेतील खरी हुशारी या उशिरातच आहे, कारण तोवर बिनचूक दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना संधी मिळते. रेकएच्या साखळीमुळे उमुडीच्या टोकाची २४ अमिनो आम्ले तुटून गेली, की अशा दोन रेणूंशी उमुसीचा एक रेणू जुळून पॉल-५ तयार होते. हे पॉलिमरेज आहे, हे १९९९ मध्ये दाखवले गेले. बीटा क्लॅम्पच्या, म्हणजे पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणाऱ्या कड्याच्या, आधाराने ते बिघाडासमोर बेस बसवते. मात्र चुकीचा बेस काढून टाकण्याची सोय त्याच्याकडे नसल्याने उत्परिवर्तने वाढतात.

नळीत प्रयोग करताना एटीपी आणि मॅग्नेशियम असलेल्या मिश्रणात रेकए आधी घालावे व एसएसबी नंतर. एसएसबी आधी बसले, तर रेकएची साखळी सुरू होणे अवघड जाते. पेशीत ही अडचण रेकओ आणि रेकआर ही प्रथिने दूर करतात, पण ती आपल्या नळीत नसतात. जिवंत पेशींवर काम करणाऱ्यांनी स्ट्रेन (जीवाणूचा वाण) तपासून घ्यावा : क्लोनिंगसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीएच५-अल्फामध्ये रेकए जनुक निकामी असते, त्यामुळे अतिनील किरण दिल्यावर पेशी भराभर मरतात आणि एसओएस प्रतिसाद मात्र दिसत नाही.