हौद्यातली मेहनत: खेळासाठी शरीर घडवण्याच्या शास्त्राची कोल्हापुरी पार्श्वभूमी

तालमीत पहाटे पहिला आवाज येतो तो फावड्याचा. गंगावेस असो, मोतीबाग असो की पेठेतली एखादी लहान तालीम, कुस्तीआधी हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, खणावाच लागतो. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरलेली तांबडी माती दिसायला मऊ, पण उलटीपालटी करायला जड. चार पोरं आळीपाळीने खणतात, तोवर पाठ, मनगटं आणि पोटऱ्या तापलेल्या असतात. मग जोर, सपाटे, बैठका आणि त्यानंतर लढती. या सगळ्याला तालमीत एकच शब्द आहे: मेहनत. वाढता भार, खेळानुरूप सराव, विश्रांती ही तत्त्वं आज क्रीडाशास्त्राच्या वर्गात शिकवली जातात. त्यातलं तालमीला आधीपासून ठाऊक होतं ते काय आणि बाहेरून यावं लागलं ते काय, हे बघायला थोडं मागे जावं लागतं.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचं प्रकरण आहे. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक, म्हणजे हे आपल्याच मुलखातलं लेखन. त्यात मल्लांची वर्गवारी आहे, आहार आहे आणि व्यायामाचे प्रकारही वेगवेगळे सांगितले आहेत: वजन घेऊन करायचा भारश्रम, चालण्या-फिरण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम. ताकद, दम आणि लवचिकता एकाच व्यायामाने येत नाहीत, ही समज तेव्हाही होती.

तालमींना खरं बळ मिळालं ते राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. महाराज स्वतः कुस्ती खेळलेले. १९०२ साली ते युरोपला गेले आणि त्यानंतर काही वर्षांनी खासबागेचं मैदान उभं राहायला लागलं. १९१२ मध्ये ते पुरं झालं. हौदा मध्ये, आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळे लांब बसलेल्यालाही डाव दिसतो. आश्रय मिळाला, खुराकाची सोय झाली आणि पैलवानाला वर्षभर फक्त मेहनत करता येऊ लागली. पूर्णवेळ खेळाडू ही कल्पना कोल्हापुरात अशी रुजली.

भार हळूहळू वाढवत न्यायचा, हे तत्त्व जुनंच. ग्रीक पैलवान मायलो रोज वासरू उचलायचा, वासरू वाढत गेलं तशी त्याची ताकदही वाढली, अशी कथा आहे. मी ते अंगावर शिकलो. शाळेत असताना सुट्टीतल्या एका शिबिरात पहिल्याच दिवशी सगळ्यांना सरसकट पाचशे बैठका मारायला लावल्या. चार दिवस जिना उतरताना मी कठडा धरत होतो, आणि माझा एक मित्र त्यानंतर व्यायामाकडे फिरकलाच नाही. पुढे आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी मला पन्नासावर बसवलं. आठवड्याला दहा वाढवायच्या, त्याहून एकही जास्त नाही.

मात्र नुसता आकडा वाढवण्याला मर्यादा आहे. हजार बैठकांनी दम वाढतो, पण वजन आपल्याच अंगाचं असल्यामुळे ताकदीची वाढ एका टप्प्यावर थांबते. अमेरिकन डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना थोड्या वेळा पण जड वजन उचलायला लावलं, ते टप्प्याटप्प्याने वाढवलं आणि १९४५ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. आजच्या वजनी व्यायामाचा पाया तो. तालमीत हीच गरज करेल्याने (जड लाकडी मुद्गलाने), दगडी गोटीने आणि जोडीदाराला खांद्यावर घेऊन भागवली जायची.

बाहेरून शिकावी लागली ती दुसरी गोष्ट, खेळानुरूप सराव. राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादीची कुस्ती त्यांना नवी होती. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो. मातीतली लढत लांबत जाते, गादीवर घड्याळ आणि गुण चालतात. तरी ते सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी गादीच्या नियमांसाठी स्वतःला घडवलं. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. कोल्हापुरात हे आजही गहिवरून सांगितलं जातं, आणि सांगायलाच हवं. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. जपानच्या इशीशी दमछाक करणारी लढत संपल्यावर नियमातली अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं, आणि ती लढत ते हरले. त्याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेकने तीन सुवर्णपदकं जिंकली. ४०० मीटर वेगात, मग थोडं संथ, पुन्हा वेगात, असा त्याचा सराव होता.

विश्रांती हाही सरावाचाच भाग, हे सर्वांत उशिरा पटलं. शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी १९३६ मध्ये ताणाला शरीर कसं सामोरं जातं ते मांडलं: आधी धक्का, मग जुळवून घेणं, आणि ताण हटलाच नाही तर थकून कोसळणं. १९६० च्या दशकात सोव्हिएत संशोधक मात्वेयेव यांनी वर्षाचे टप्पे पाडण्याची पद्धत मांडली: आधी पायाभरणी, मग स्पर्धा, मग उसंत. आपल्याकडे हे टप्पे शेती आणि ऋतूने आधीच पाडून दिले होते. पावसाळ्यात मैदानं बंद, म्हणून तालमीत कसून मेहनत. सुगी सरली की जत्रांच्या कुस्त्या.

आता पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघही आहेत. नव्वद मिनिटं थांबत-धावत खेळणाऱ्या पोराला कुस्तीची मेहनत जशीच्या तशी देणं चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला झाटोपेकसारखे धावण्याचे टप्पे जास्त उपयोगी.

आमच्या वस्तादांनी सेलींचं नाव ऐकलं नव्हतं. ते सकाळी पोराची पोटरी दाबून बघायचे आणि विचारायचे, “रात्री झोप लागली काय रं?” पोरगं घुटमळलं की म्हणायचे, “आज नुसता हौदा खण, आन् घरला जा.”