पेडगावला खरोखर किती जण जातात?

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात काही कामानिमित्त गेलो असताना पाहिलेला हा प्रसंग आहे. मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरने खडखडाटातून ओरडून सांगितले, "सहा नंबर बंद कर." पन्नाशीच्या कामगाराने मान हलवली, "होय मालक" म्हटले (सोलापुरात कोणीही कोणालाही मालक म्हणते) आणि शांतपणे जाऊन दहा नंबरचा माग बंद केला. सहा नंबरवर तोवर तुटलेल्या धाग्यांचा गुंता वाढतच गेला. जॉबर माझ्याकडे वळून म्हणाला, "येडा नाही हो तो. येड्याचं सोंग घेतोय. बावीस वर्षं मागावर काढली, सहा आणि दहा कळत नाही होय?"

या निदानासाठी मराठीत तयार वाक्प्रचारच आहे: वेड पांघरून पेडगावला जाणे. ते पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी आहे आणि तीच भीमा पुढे आमच्या पंढरपुरात येते. समोरच्याच्या अज्ञानावर आपला सहजासहजी विश्वास बसत नाही, त्याला सगळे कळत असणार आणि तो मुद्दाम न कळल्याचे दाखवत असणार, असे वाटणे इतके सार्वत्रिक आहे की ते कितपत खरे आहे हे तपासून पाहणे योग्य ठरेल.

सोंग घेणारे असतात, यात शंका नाही. ज्याला संगणकावरचे तक्ते भरता येतात त्याच्याच टेबलावर सगळ्यांचे तक्ते येऊन पडतात, हे ज्या कार्यालयात दिसते तिथे शहाणा कारकून तक्ते न येणाराच राहतो. माझे एक नातेवाईक कडक भाकरी खाण्यात पटाईत आहेत. पण थापायला बसवले की त्यांची पहिलीच भाकरी इतकी हमखास फाटते की दुसरी थापायला त्यांना कोणी सांगत नाही. अशा सोंगाची खूण अशी की ते अरुंद असते: एकाच कामापुरते, एकाच माणसासमोर आणि फायदा असेपर्यंतच.

वानरांमध्येही याचे बीज सापडते. एमिल मेंझेल या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात चिंपांझींच्या एका कळपातील बेल नावाच्या मादीला लपवलेल्या अन्नाची जागा दाखवून ठेवली. रॉक नावाचा दांडगा नर ते हिसकावून घेतो हे लक्षात आल्यावर तो जवळ असेपर्यंत बेल अन्न उकरेनाशी झाली. ती त्यावर बसून राही, आणि पुढे तर त्याला भलत्याच दिशेने नेऊ लागली. रॉक नसताना तिची स्मरणशक्ती नीट चाले.

दीर्घकाळ सोंग वठवणे मात्र फार महाग पडते. न्यूयॉर्कमधील गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या व्हिन्सेंट जिगांटे सुमारे तीन दशके घरात घालायचा झगा अंगावर चढवून रस्त्यातून बरळत फिरत असे, जेणेकरून न्यायालयाने आपल्याला खटल्यासाठी अक्षम मानावे. २००३ मध्ये त्याने हे सोंग असल्याचे कबूल केले. जन्मठेपेच्या भीतीने असा खटाटोप एखादा करील. रोजंदारीवरचा माणूस जॉबरच्या शिव्या खाण्यासाठी तो का करील, हा प्रश्न आहे.

सोंग ओळखण्याचे जे शास्त्र आहे ते मुख्यतः नुकसानभरपाईच्या दाव्यांतून वाढले. अपघातात डोक्याला मार लागला, आता काही लक्षात राहत नाही, असे सांगणारा खरे बोलतो की नाही हे ठरवण्यासाठी मानसशास्त्रज्ञ एक चलाख युक्ती वापरतात. टॉम टॉम्बॉ यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत माणसाला साध्या वस्तूंची ५० चित्रे दाखवली जातात आणि नंतर जोड्या समोर ठेवून प्रत्येक जोडीतले आधी पाहिलेले चित्र कोणते हे विचारले जाते. ही चाचणी दिसते अवघड, असते अगदी सोपी. मेंदूला इजा झालेल्या बहुतेकांनाही ४५ च्या वर गुण मिळतात. आता समजा, एखाद्याला खरोखरच काहीही आठवत नाही. तरी नाणे उडवल्यासारखी उत्तरे देऊनही त्याची सुमारे २५ बरोबर येतील. केवळ नशिबाने १५ किंवा त्याहून कमी बरोबर येण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. म्हणजे इतके चुकायचे असेल तर बरोबर उत्तर ठाऊक असावे लागते. सोंगाड्याची अडचण इथेच होते: आपल्या कल्पनेतला मठ्ठ माणूस तो रंगवतो, आणि तो मठ्ठ माणूस खऱ्यापेक्षा फारच जास्त चुकतो.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ सिगबर्ट गान्झर यांनी १८९८ मध्ये काही कैद्यांविषयी लिहिले, तेव्हा त्यांना हाच घोळ दिसला होता. प्रश्न कळल्याचे स्पष्ट दिसे, पण उत्तर नेमके शेजारचे येई. घोड्याला पाय किती या धर्तीच्या प्रश्नाला पाच म्हणावे, तसे. ते सोंग होते की आजार, यावर डॉक्टरांचा वाद शंभर वर्षे चालला आहे.

खऱ्या अज्ञानाच्या चुका वेगळ्या असतात, कारण त्यांना स्वतःचे तर्कशास्त्र असते. वजाबाकी कच्ची असलेले मूल ५२ वजा ३८ चे उत्तर २६ काढते: पाचातून तीन गेले दोन, आठातून दोन गेले सहा. हातचा घ्यायचा असतो हे त्याला माहीत नाही, म्हणून वर-खाली न पाहता ते मोठ्यातून लहान वजा करते. पुढच्या दहा उदाहरणांत ते अशीच चूक करील आणि त्याचे उत्तर आपण आधीच सांगू शकू. वर्गात या मुलाला "मुद्दाम करतोस का?" असे विचारले जाते, ते बहुधा चुकीतल्या या सातत्यामुळेच.

आता प्रश्न उरतो तो पाहणाऱ्याचा. समोरचा खोटे बोलतो की खरे, हे सामान्य माणसाला किती ओळखता येते, यावरच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित हिशेब बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये मांडला. बरोबर निदानांचे सरासरी प्रमाण ५४ टक्के निघाले, छापा-काट्यापेक्षा जेमतेम वर. जॉबरच्या ठाम स्वराचा यात काही उपयोग नाही. मग तो ठामपणा येतो कुठून? स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये केलेला प्रयोग मला याचे सर्वांत नेमके उत्तर वाटतो. एका गटाला प्रसिद्ध गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि समोरच्याने गाणे ओळखायचे होते. निम्मी तरी ओळखली जातील, अशी वाजवणाऱ्यांची खात्री होती. १२० पैकी ओळखली गेली फक्त तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सगळी चाल घुमत असते आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडते ती नुसती टकटक. एकदा एखादी गोष्ट कळली की न कळलेल्याची स्थिती कल्पनेतही उभी करता येत नाही, आणि मग इतके सोपे असताना त्याला कळत नाही याचा एकच अर्थ उरतो, की तो सोंग घेतो.

मूर्ख किंवा सोंगाड्या, या दोनच खणांत माणसे बसवली की बाकीची कारणे दिसेनाशी होतात. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक विडी कामगार बाई बँकेच्या खिडकीपाशी मराठी अर्ज हातात घेऊन गोंधळते, तीच घरी हजार विड्यांच्या मजुरीचा हिशेब तोंडी करते. ऊसवाल्यांना जवळचे उदाहरण तमिळनाडूचे आहे. तिथल्या ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धिचाचणी कापणीपूर्वी, म्हणजे हात तंग असताना, आणि बिल मिळाल्यानंतर घेण्यात आली. सायन्स या नियतकालिकात २०१३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात त्याच माणसांचे गुण आधी कमी आणि नंतर जास्त आढळले. परिणामाच्या आकाराबद्दल पुढे वाद झाले आहेत, तरी ऊसबिल थकलेल्या माणसाचे बोलण्याकडे लक्ष का नसते, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागू नये.

कारखान्यातल्या त्या माणसाचे कारण याहूनही साधे निघाले. मागांचा आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. वर्षानुवर्षे त्यात काम केल्यावर आतल्या कानातील केशपेशी मरतात, आणि सुमारे ४००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकू येणे सर्वांत आधी जाते. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते शाबूत राहतात; स, श, च, त यांसारखी व्यंजने पुसली जातात. सहा आणि दहा यांच्यात फरक आहे तो पहिल्या व्यंजनाचाच. मुलाच्या आग्रहाने त्याने पुढे कानांची तपासणी करून घेतली, तेव्हा आलेखातली रेघ नेमकी तिथेच खाली उतरलेली होती.

तपासणीनंतर त्याने मुलाला एक गोष्ट सांगितली, ती मुलाकडून मला कळली. गेली तीन-चार वर्षे तो सोंग घेतच होता. पुन्हा पुन्हा "काय?" विचारले की लोक हसतात, म्हणून समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची, "होय मालक" म्हणायचे आणि अंदाजाने एखाद्या मागाकडे चालू लागायचे.