गिटमधले बगफिक्स आणि डॉक्युमेंटेशन

गिट या व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये नवीन फीचर येत असतात, पण त्याच्या जोडीने जुन्या चुका काढणं आणि मॅन्युअलची पानं सुधारणं हे काम २००५ पासून सतत चालू आहे, आणि ही नोंद त्या कामाची आहे. कमिट, ब्रांच, मर्ज, रिबेस हे वाचणाऱ्याच्या रोजच्या वापरातले शब्द आहेत असं इथे धरलंय. गिटमध्ये बग सुटला असं म्हणायला कोडमधला बदल पुरत नाही, त्याच्यासोबत तो बग परत आला तर ओरडणारी टेस्ट लागते, काय बिघडलं होतं आणि का ते सांगणारा कमिट मेसेज लागतो, आणि वागणं बदलत असेल तर मॅन पेजमधला, म्हणजे मॅन्युअलच्या पानातला बदलही त्याच पॅचमालिकेत (एकत्र पाठवलेल्या बदलांच्या संचात) मागितला जातो. हे सगळं मिळून एक फिक्स.

आधीचा इतिहास

व्हर्जन कंट्रोलची सुरुवात साधारण १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकिंड यांनी लिहिलेल्या एससीसीएसपासून धरतात, त्यानंतर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. बगफिक्सच्या दृष्टीने मात्र १९८५ मधला लॅरी वॉल यांचा ‘पॅच’ हा प्रोग्रॅम जास्त महत्त्वाचा मानायला हवा, कारण अख्खा सोर्स न पाठवता फक्त बदललेल्या ओळी पाठवून दुसऱ्याच्या मशीनवर दुरुस्ती लावता यायला लागली ती त्याच्यामुळे, आणि गिटचं काम आजही मुळात त्याच पद्धतीने, ईमेलने पॅच पाठवून चालतं. ज्यांना पुल रिक्वेस्टची, म्हणजे वेबसाइटवरून बदल घ्यायची विनंती करण्याची, सवय आहे त्यांच्यासाठी गिटगिटगॅजेट नावाचा पूल आहे, तो पुल रिक्वेस्टचे पॅच करून पुढे पाठवतो.

गिट स्वतः लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं. लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) बिटकीपर हे दुसरं व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअर फुकट वापरायची मुभा होती ती गेली, हे त्याचं कारण. पहिली कमिट ७ एप्रिल २००५ ची आहे, जुलैच्या अखेरीला मेंटेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याची, जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे गेली, २१ डिसेंबरला १.० निघालं, आणि हमानो यांच्याकडेच ती पुढे दोन दशकं राहिली. एवढा काळ एकच माणूस शेवटची पारख करतोय याचा परिणाम रिलीज नोट्सच्या भाषेतही दिसतो, पण ते पुढे येईल.

फिक्स कुठे लावायचा

गिटच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत चार मुख्य ब्रांच आहेत: मेंट, मास्टर, नेक्स्ट आणि सीन. सीनला २०२० पर्यंत ‘पीयू’ म्हणत, तिथे आलेलं काम नुसतं बघितलं गेलंय एवढाच अर्थ, ते घेतलं जाईलच असं नाही. नेक्स्टमध्ये गेलेलं काम बहुतेक पुढे मास्टरला जातं. मेंट ही शेवटच्या रिलीजची ब्रांच, तिच्यात फक्त दुरुस्त्या जातात, नवीन फीचर नाही.

नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो तो इथे. साहजिक वाटतं ते असं की फिक्स मास्टरवर करावा आणि मग चेरी-पिक करून (तेवढीच कमिट उचलून) जुन्या रिलीजला लावावा, कितीतरी कंपन्यांत तसंच चालतं, पण गिटमध्ये उलटं आहे. बग ज्या सगळ्यात जुन्या चालू रिलीजमध्ये आहे तिथून टॉपिक ब्रांच (त्या एकाच कामाची वेगळी ब्रांच) काढायची, फिक्स तिच्यावर करायचा, आणि मग ती ब्रांच खालून वर मर्ज करत न्यायची, म्हणजे आधी मेंट, मग मास्टर. असं केलं की एकच कमिट सगळीकडे पोचते, तिची वेगवेगळ्या हॅशची (ओळखक्रमांकाची) भावंडं तयार होत नाहीत, आणि अमुक रिलीजमध्ये तो फिक्स आहे का हे गिटलाच विचारता येतं. चेरी-पिक केलेल्या फिक्सचा असा माग लागत नाही, कमिट मेसेज वाचत बसावं लागतं. या पद्धतीचं वर्णन ‘गिटवर्कफ्लोज’ या मॅन पेजमध्ये आहे आणि ते पान फार कमी लोक उघडतात, खरं तर पाच-सहा जणांच्या टीमनेही ते एकदा वाचावं असं आहे.

बायसेक्ट आणि त्याच्या उगमाचा वाद

आधी चालत असलेली गोष्ट नव्या व्हर्जनमध्ये मोडली तर ती कुठल्या कमिटने मोडली हे शोधायला बायसेक्ट आहे. चांगली कमिट सांगायची, बिघडलेली सांगायची, गिट मधली काढून देतं, तपासून उत्तर दिलं की उरलेल्यातली मधली, असं हजार कमिटमधून साधारण दहा पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो.

ही कल्पना पहिल्यांदा कोणाची यावर एकमत नाही. संशोधन लेखांत बहुतेक वेळा क्रे रिसर्चमधल्या ब्रायन नेस आणि व्हिएत न्गो यांच्या १९९७ च्या लेखाला मान देतात, त्यात बदल एकेक करून वेगळे काढून रिग्रेशन (आधी चालणारं मोडणं) पकडायची पद्धत नीट मांडलेली आहे. दुसरीकडे आंद्रेआस झेलर यांचं १९९९ चं डेल्टा डीबगिंग आहे, पण ते कमिटच्या ओळीत एक जागा शोधण्यापेक्षा बदलांच्या संचातून बिघडवणारा छोटा गट वेगळा काढण्याबद्दल जास्त आहे, म्हणून त्याला बायसेक्टचा थेट पूर्वज म्हणणं थोडं ओढूनताणून होतं. तिसरा पुरावा लिनक्सच्या सोर्समध्येच आहे. तिथल्या बग-हंटिंग नावाच्या फाइलमध्ये २ मार्च १९९६ ची तारीख असलेली एक टिपण होती, कर्नलमधलं काहीही कळत नसलेल्या माणसाने बग कसा शोधायचा हे सांगणारी, आणि उपाय हाच: चालणारं जुनं व्हर्जन शोधा, मग अर्धं-अर्धं करत मधे या. टिपण लॅरी मॅकव्हॉय यांची आहे, म्हणजे ज्यांच्या बिटकीपरमुळे पुढे गिट लिहावं लागलं तेच.

तारीख बघितली तर १९९६ ची टिपण आधीची ठरते. शिवाय गिटचं बायसेक्ट लिनक्सच्याच लोकांमधून आलंय, त्यामुळे गिटपुरतं बोलायचं तर मॅकव्हॉय यांच्या टिपणीकडून येणारी वाट जास्त पटते. मूळ युक्ती दोन्ही नोंदींपेक्षा जुनी आणि तोंडी चालत आलेली असण्याचीच शक्यता जास्त आहे, अर्धं-अर्धं करत शोधणं काही कर्नलवाल्यांनी काढलेलं नाही.

गिटने खरी भर घातली ती वेगळ्याच ठिकाणी. मॅकव्हॉय यांच्या पद्धतीत व्हर्जन एका रांगेत होती, १ नंतर २, मग ३, तर मधलं काढणं सोपं. गिटच्या इतिहासात मर्ज असतात, तो जाळ्यासारखा पसरलेला असतो, मग ‘मधली’ कमिट कुठली? टोरवाल्ड्स यांनी जून २००५ मध्ये रेव्ह-लिस्ट या कमिटची यादी देणाऱ्या कमांडला जो बायसेक्ट पर्याय दिला त्याचं उत्तर असं: प्रत्येक संशयित कमिटसाठी तिच्यासकट तिचे संशयित पूर्वज किती ते मोजायचे, समजा एकूण १०० संशयित आहेत आणि एका कमिटचे ३०, तर उत्तर काहीही आलं तरी कमीत कमी ३० बाद होणार, दुसऱ्या कमिटचे ४८ असतील तर कमीत कमी ४८ बाद होणार, म्हणून दुसरी निवडायची. त्यावर वापरायला सोपी स्क्रिप्ट चढली, आणि २००७ मध्ये क्रिस्टियन कुडर यांनी ‘बायसेक्ट रन’ जोडलं, ज्याला एक टेस्ट स्क्रिप्ट दिली की माणूस नसतानाही शोध पूर्ण होतो. स्क्रिप्टने ० परत दिला तर चांगली, १२५ दिला तर ही कमिट तपासता येत नाही, सोडून द्या, बाकी १ ते १२७ म्हणजे बिघडलेली, आणि त्याच्या वर काही आलं तर शोधच थांबतो.

यात एक गैरसोय बरीच वर्षं राहिली. बग कधी *सुटला* हे शोधायचं असेल तर सुटलेल्या कमिटला बॅड म्हणावं लागायचं आणि बग असलेल्या कमिटला गुड, आणि तीन-चार पायऱ्यांनंतर माणूस चुकायचाच. जानेवारी २०१६ च्या २.७ मध्ये ओल्ड आणि न्यू हे शब्द आले आणि तो त्रास गेला.

बायसेक्टमुळे रिव्ह्यूमध्ये एक नियम कडक झालाय: मालिकेतली प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बिल्ड झाली पाहिजे आणि टेस्ट पास झाल्या पाहिजेत. तिसऱ्या पॅचमध्ये मोडून पाचव्यात जोडणं चालत नाही, कारण उद्या कोणी बायसेक्ट करताना नेमकं चौथ्यावर येऊन अडकेल.

टेस्ट

टेस्ट ‘टी’ डिरेक्टरीत शेल स्क्रिप्टच्या रूपात असतात. अजून न सुटलेला बगही तिथे लिहून ठेवता येतो, ‘टेस्ट एक्स्पेक्ट फेल्युअर’ वापरून, म्हणजे तो नापास झाला तरी ‘माहीत असलेली मोडतोड’ असं छापून गाडी पुढे जाते. ज्याला सोडवायचा आहे त्याला पुनरावृत्ती करून दाखवणारी पाककृती तयारच मिळते.

सुरक्षेचे फिक्स: एप्रिल २०२२ चं उदाहरण

१२ एप्रिल २०२२ ला २.३५.२ निघालं. बग असा होता की गिट चालू फोल्डरमध्ये रिपॉझिटरी सापडली नाही तर वरच्या फोल्डरमध्ये बघत जातं, मग अनेक जण वापरत असलेल्या विंडोज मशीनवर कोणी सी ड्राइव्हच्या मुळाशी डॉटगिट फोल्डर करून ठेवला की दुसऱ्याचं गिट तो उचलायचं, त्यातलं कॉन्फिग वाचायचं, आणि कॉन्फिगमधून कमांड चालवता येते. टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये ब्रांचचं नाव दाखवणाऱ्यांना तर काही टाइपही करावं लागत नव्हतं. फिक्स म्हणून फोल्डरचा मालक तपासायला सुरुवात झाली, मालक दुसरा असेल तर गिट काम करायला नकार देतं, आणि चालवायचंच असेल तर ‘सेफ डिरेक्टरी’ सेटिंगमध्ये तो पत्ता लिहायचा. वर सांगितलेली खालून वर मर्ज करायची पद्धत इथे उघड दिसते, कारण त्याच दिवशी २.३०.३, २.३१.२, २.३२.१, २.३३.२, २.३४.२ असे सगळे जुने रिलीजही निघाले.

पण मालक वेगळा असणं ही कंटेनरमध्ये, शेअर केलेल्या ड्राइव्हवर, सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) इन्स्टॉल करताना रोजची गोष्ट आहे, आणि त्या सगळ्यांची कामं एकदम अडली. लगेचच २.३५.३ काढून सेटिंगमध्ये तारांकन (*) टाकून सगळं मान्य करायची सोय द्यावी लागली, पुढे सुडोसाठी मूळ युजर ओळखायचं जोडलं, जुलैमध्ये तपासणीतल्या उरलेल्या फटी २.३७.१ ने बुजवल्या. मे २०२४ मध्येही असंच घडलं: २.४५.१ मध्ये सबमॉड्यूलसकट (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरींसकट) क्लोन करतानाचा धोका काढला तो बरोबर होता, पण जादा खबरदारी म्हणून घातलेल्या हुकच्या (गिट आपोआप चालवतं त्या स्क्रिप्टच्या) तपासणीने मोठ्या फाइली सांभाळणारं गिट एलएफएस मोडलं, आणि महिनाअखेरीला २.४५.२ मध्ये ती जादा तपासणी मागे घेतली. मूळ फिक्स ठेवला, वरचा थर काढला. सुरक्षेच्या कामाची बंद दाराआड तयारी होते, नेहमीचा उघडा रिव्ह्यू मिळत नाही, म्हणून अशा चुका तिथेच जास्त निसटत असाव्यात असं वाटतं.

डॉक्युमेंटेशन

मॅन पेज आस्कीडॉक या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिलेली असतात, त्यातून टर्मिनलसाठी आणि वेबसाठी अशी दोन्ही पानं तयार होतात. फाइलींचं एक्स्टेन्शन बरीच वर्षं टीएक्सटी होतं, २०२५ च्या सुरुवातीला ते एडॉक केलं. छोट्या दुरुस्त्या म्हणजे स्पेलिंग, तुटलेली लिंक, यादीतून राहून गेलेला पर्याय. त्यापेक्षा अवघड असते ती पानं आणि कोड यांच्यात पडत गेलेलं अंतर भरणं, आणि इथे दर वेळी ठरवावं लागतं की पान चुकलंय का कोड. लोक वर्षानुवर्षं कोडच्या वागण्यावर अवलंबून असतील तर बहुतेक वेळा पानच बदलतं.

कधी कधी पान सुधारून भागत नाही. चेकआउट ही एकच कमांड ब्रांचही बदलायची आणि फाइलही मागे घ्यायची, तिचं मॅन पेज कितीही वेळा नीट केलं तरी नवा माणूस फाइलमधले बदल घालवून बसायचा. शेवटी ऑगस्ट २०१९ च्या २.२३ मध्ये स्विच आणि रिस्टोअर अशा दोन कमांड काढल्या, त्यांच्यावर ‘प्रायोगिक’ अशी पाटी होती ती २०२५ मधल्या २.५१ मध्ये उतरवली. सहा वर्षं पाटी ठेवणं जरा जास्तच झालं, कारण तोवर बहुतेक शिकवण्यांत या दोन कमांड नेहमीच्याच झाल्या होत्या.

रिलीज नोट्समध्ये आधी नव्या गोष्टी, मग मागच्या रिलीजपासूनचे फिक्स, आणि प्रत्येक फिक्सची भाषा ठरलेली: अमुक केल्यावर तमुक होत होतं, ते दुरुस्त केलं आहे. अगदी शेवटी ‘इतर कोड सफाई, डॉकफिक्स, बिल्ड फिक्स वगैरे’ अशी एक ओळ येते, तिच्याखाली टॉपिकांची रांग असते. कितीतरी जणांचं पहिलं काम त्या ओळीत आहे. २०२० च्या २.२७ पासून ‘बगरिपोर्ट’ कमांडही आहे, ती गिटचं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टीम, चालू असलेले हुक भरून एक फाइल देते आणि त्यात प्रश्न विचारते: तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

नवे लोक आणि भाषांतर

गुगल समर ऑफ कोड या नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात आणणाऱ्या कार्यक्रमात गिट २००७ पासून आहे. निवड होण्याआधी प्रत्येकाला एक छोटा पॅच, मायक्रोप्रोजेक्ट, करून दाखवावा लागतो, त्यातला नेहमीचा प्रकार म्हणजे जुन्या टेस्टमध्ये ‘फाइल आहे का’ हे थेट शेलने तपासलेलं असतं ते काढून गिटचं स्वतःचं मदतनीस फंक्शन घालणं, कारण ते नापास झाल्यावर काय सापडलं नाही ते सांगतं. भारतातले बरेच विद्यार्थी याच वाटेने आत आलेत.

पडद्यावरच्या संदेशांची भाषांतरं ‘पीओ’ फाइलींत असतात, बल्गेरियन, कॅटलान, व्हिएतनामी, तुर्की, आयरिश अशा भाषा तिथे आहेत. मॅन पेजच्या भाषांतराचा प्रकल्प वेगळा आहे. संदेशांच्या फाइलींत २०२५ पर्यंत मराठी आलेली नाही, हिंदीही नाही.